तांब्याची पारख नुसत्या चुंबकाने नको

महोदय,

तांब्याची भांडी पारखण्यासाठी ‘चुंबक चिकटला नाही की तांबे अस्सल’ असा सल्ला आपल्या रविवार पुरवणीत वाचला. चुंबक पितळेलाही चिकटत नाही, हे एक. दुसरे मी स्वतः पाहिलेले आहे, म्हणून हे पत्र.

धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षे सहायक होतो. एकदा सरांनी दीड टक्का लोखंड मिसळलेली तांब्याची पट्टी हजार अंशांच्या आसपास तापवून पाण्यात क्वेंच केली, म्हणजे बुडवून एकदम गार केली, आणि पुन्हा 700 अंशांच्या भट्टीत ठेवली. गार झाल्यावर दोऱ्याला टांगून चुंबक जवळ नेला. पट्टी हलली नाही. सर म्हणाले, “आता एरणीवर घ्या.” जाडी निम्मी होईपर्यंत मी ती ठोकली. पुन्हा टांगली, तर चुंबक जवळ येताच सरळ त्याच्याकडे ओढली गेली! हातोडीचे लोखंड लागले असेल, असे मला वाटले. ॲसिडने धुऊन पाहिली, तरी ओढ तशीच.

शुद्ध लोखंड 912 अंशांखाली आले की त्याच्या अणूंची मांडणी बदलते, आणि या बदललेल्या लोखंडालाच चुंबक खेचतो. पण भट्टीत तांब्याच्या पोटात तयार झालेले लोखंडाचे कण अतिसूक्ष्म, नॅनोमीटरने मोजावे लागणारे असतात. उष्ण लोखंडाची जुनी मांडणी तांब्याच्या मांडणीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. मांडणी बदलायची तर कणाला आकार बदलावा लागतो, आणि भोवतालचे तांबे तो बदलू देत नाही. म्हणून गार झाल्यावरही कण जुन्याच रूपात अडकून राहतात. घाव बसले की तांबे आतून सरकते, कणही त्याबरोबर सरकतात आणि भट्टीशिवाय पालटतात.

अशाच बदलामुळे 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या सिंकचा सपाट भाग चुंबकाला दाद देत नाही, पण पत्रा साच्यात खोल ओढून केलेला कोपरा देतो. त्यावरून दुकानदाराला खोटे ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. तांबट आळीतल्या कारागिरांचे तर सगळे मठारकाम ठोकण्याचेच. चुंबक लावून त्यांच्या मालाची परीक्षा होऊ नये.

नेमके लोखंड किती, हे धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटर यंत्रावर कळते. कृपया पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे