दिलेला शब्द पाळणारा ड्यूक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जर्मन कवी गटे आणि वायमार हे छोटे जर्मन राज्य यांच्यावरील लेख मनापासून आवडला. मात्र त्यात वायमारचा राज्यकर्ता ड्यूक कार्ल आउगुस्ट याची ओळख ‘गटेचा आश्रयदाता’ एवढ्यावरच आटोपली आहे, आणि पुण्यात अनेक वर्षे इतिहास शिकवलेल्या मला ते फार खटकले. गटे ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला, ही आख्यायिका आपण सारे शाळेपासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात त्याने १७९१ मध्ये त्या नाटकाचा जर्मन अनुवाद वाचून चार ओळींचे स्तुतिकाव्य लिहिले. त्या वेळी तो ज्याच्या पदरी मंत्री होता, त्या राज्यकर्त्याविषयी मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही.

कार्ल आउगुस्ट १७५७ चा. वडील वारले तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. आई आना अमालिया हिने सतरा वर्षे कारभार पाहिला आणि १७७५ मध्ये, अठरावे वर्ष पूर्ण होताच, राज्य त्याच्या हाती आले. तो निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. शिकारीच्या हौसेपायी त्याने राखलेली रानडुकरे शेतकऱ्यांची पिके उद्ध्वस्त करीत, आणि त्याबद्दल खुद्द गटेने त्याला पत्रातून कळकळीने सांगितले होते. निरीश्वरवादाचा आरोप आला तेव्हा, १७९९ मध्ये, तत्त्वज्ञ फिश्टे याला येना विद्यापीठ सोडावे लागले, तेही याच ड्यूकच्या राजवटीत.

त्याची खरी परीक्षा १८०६ मध्ये झाली. तो प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या सैन्यात सेनापती होता. १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेट येथे प्रशियाचा धुव्वा उडाला, फ्रेंच सैनिकांनी वायमार लुटले, आणि ड्यूक स्वतः सैन्याबरोबर दूर असताना राजवाड्यात थांबलेली त्याची पत्नी लुइझे नेपोलियनला निर्भयपणे सामोरी गेली. राज्य वाचले त्यात तिच्या धैर्याचा मोठा वाटा होता, आणि सून मारिया पाव्हलोव्ना ही रशियाच्या झारची बहीण होती, याचाही. वाचण्याची किंमत मात्र जबर होती. डिसेंबरात ऱ्हाइन संघात, म्हणजे नेपोलियनच्या वर्चस्वाखालील जर्मन राज्यांच्या संघात, सामील व्हावे लागले आणि त्यानंतर या चिमुकल्या राज्यातील तरुण नेपोलियनसाठी तिरोल, स्पेन आणि रशियापर्यंत लढायला गेले.

नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत कार्ल आउगुस्टला ग्रँड ड्यूक हा किताब आणि वाढीव मुलूख मिळाला. तेव्हा स्थापन झालेल्या जर्मन राज्यांच्या संघाच्या (जर्मन संघाच्या) कायद्यातील तेराव्या कलमाने प्रत्येक राज्यात प्रतिनिधिसभेसह राज्यघटना देण्याचे वचन दिले होते. प्रशियाच्या राजाने ते टाळले. कार्ल आउगुस्टने ५ मे १८१६ रोजी पाळले. त्याच्या घटनेत सरदार आणि नागरिकांबरोबर शेतकऱ्यांनाही प्रतिनिधित्व होते आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी होती. वृत्तपत्राच्या संपादकांना लिहिताना ही गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगाविशी वाटते.

पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १८१७ रोजी, जर्मनीच्या निरनिराळ्या विद्यापीठांतील सुमारे पाचशे विद्यार्थी त्याच्या राज्यातील वार्टबुर्ग किल्ल्यावर जमले आणि त्यांनी एकसंध जर्मनीची मागणी केली. त्यानंतर अठराच दिवसांनी आपल्याकडे खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. हे दोन प्रसंग एकाच शरद ऋतूतील आहेत, हे वर्गात सांगितले की मुलांचे डोळे विस्फारत.

वार्टबुर्गच्या मेळाव्यामुळे ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी ड्यूकवर दडपण आणले. मार्च १८१९ मध्ये येनाच्याच एका विद्यार्थ्याने नाटककार कोट्सेबू याचा खून केला, आणि ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याला हवे ते निमित्त मिळाले. त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने झालेल्या कार्ल्सबाडच्या ठरावांनी सर्व जर्मन राज्यांवर सेन्सॉरशिप लादली. आपले नियतकालिक बंद करण्यास नकार देणारा प्राध्यापक ओकेन येनामधील पदाला मुकला, आणि ड्यूकला ते रोखता आले नाही. छोट्या राज्याच्या धन्याला किती ताणता येते, याची मर्यादा तिथे दिसली. तरीही त्याने घटना मागे घेतली नाही, आणि १८२८ मध्ये तो मरण पावला तेव्हाही ती लागू होती.

गटेवरील लेखमाला आपण पुढे चालवणार असाल, तर १८१६ च्या या राज्यघटनेसाठी एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे