निप्पूरमधला ‘पूर’ आपला नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इराकमधील निप्पूर या सुमेरियन नगराविषयी एका वाचकाचे पत्र छापून आले आहे. नावाच्या शेवटी ‘पूर’ आहे, तेव्हा नाव संस्कृत आणि नगर वसवणारेही आपलेच, असा त्याचा मथितार्थ. हाच मजकूर व्हॉट्सॲपवरही फिरतो आहे. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सहावीतल्या मुलीने मला आपले पान आणून दाखवले आणि विचारले, “बाई, सोलापूर, नागपूर तसंच ना हे निप्पूर?” छापलेले अक्षर मुले खरे धरतात, म्हणून तिला जे सांगितले ते इथेही लिहिते आहे.

सुमेरियन लोक या नगराला निब्रू म्हणत. अक्कादी या तिथल्याच दुसऱ्या जुन्या भाषेत त्याचे निप्पुरू झाले. त्यातला शेवटचा ‘उ’ हा अक्कादीतला प्रथमेचा प्रत्यय. तो गळला की निप्पूर उरते. ‘पूर’ असा वेगळा शब्द त्या नावात नाहीच. शहराला सुमेरियनमध्ये उरु म्हणत आणि अक्कादीत आलु. आज तिथल्या ओसाड टेकाडांना नुफ्फर म्हणतात, म्हणजे जुने नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

खरी गंमत आहे ती हे नाव लिहिण्यात. मातीच्या पाट्यांवर ते एन, लिल आणि की अशा तीन चिन्हांनी लिहिलेले असते. एनलिल हा सुमेरियनांचा सर्वश्रेष्ठ देव, आणि ‘की’ म्हणजे ठिकाण. गावाच्या नावाच्या शेवटी हे चिन्ह नुसते खुणेसाठी लिहीत, उच्चारत नसत. लिहायचे ‘एनलिलचे ठिकाण’ आणि वाचायचे ‘निब्रू’. आपण ५ असा आकडा लिहितो आणि ‘पाच’ म्हणतो, त्यात प किंवा च कुठे दिसतो? तिला हे चटकन कळले.

नगराचे सगळे माहात्म्य या तीन चिन्हांत आहे. सुमेरियन राजावलीत किश, उरुक, ऊर अशा नगरांची घराणी एकामागून एक येतात, पण निप्पूरचे एकही घराणे नाही. इथे कधी राजधानी नव्हती. तरीही सुमेरवर राज्य करू पाहणाऱ्याला एनलिलची मान्यता लागे, आणि ती या नगरातून मिळे. एनलिलच्या मंदिराचे नाव एकुर, म्हणजे पर्वतगृह. ऊरचा राजा उर-नम्मू याने इ.स.पू. २१०० च्या सुमारास तिथे झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचा मंदिर-मनोरा, उभारला. त्याचा मुलगा शुल्गी याने जवळच पुझरिश-दगान हे ठाणे वसवले. राज्यभरातून आलेली गुरे-मेंढरे तिथे गोळा होत आणि निप्पूरच्या देवळांकडे जात.

या नगराचा प्राचीन काळीच काढलेला नकाशाही आपल्यापर्यंत पोहोचला आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही मातीची पाटी साधारण १८ बाय २१ सेंटिमीटरची, शाळेच्या वहीएवढी. तिच्यावर तटबंदी, वेशी, कालवे, एकुर, गावातली बाग आणि कडेने वाहणारी युफ्रेटिस कोरलेली आहे. काही लांबीरुंदीची मापेही दिली आहेत. आणि मधोमध तीच तीन चिन्हे: एन, लिल, की. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या उत्खननात मिळालेली ही पाटी आता जर्मनीतल्या येना शहरात आहे.

सुमेरियन साहित्य म्हणून आज आपण जे वाचतो, त्याचा फार मोठा भाग याच नगरातून आला आहे. तोही बहुतांशी शिकाऊ मुलांच्या हातचा. इ.स.पू. अठराव्या शतकातल्या एका लहानशा घरात मुले अक्षर गिरवायला बसत; १९५१-५२ च्या उत्खननात त्या एका घरातून सुमारे १४०० पाट्या आणि तुकडे निघाले. देवांची स्तोत्रे, म्हणी, शब्दयाद्या, सगळे त्यात आहे. चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे असेल, मला हे घर एकुरपेक्षाही जवळचे वाटते.

भारताशी नाते शोधायचेच असेल तर तेही इथे आहे, आणि त्यासाठी शब्दांची ओढाताण करावी लागत नाही. अक्कादचा राजा सारगॉन याचे पुतळे एकुरमध्ये होते. ते नष्ट झाले. पण सुमारे पाचशे वर्षांनी निप्पूरच्या एका लेखनिकाने त्यांच्यावरचे लेख मातीच्या पाटीवर उतरवून घेतले होते. कोणता मजकूर चौथऱ्यावर होता, याचीही त्याने नोंद ठेवली. त्यातच सारगॉन सांगतो की मेलुहा, मगान आणि दिलमुनची जहाजे अक्कादच्या धक्क्याला लागली. मगान म्हणजे ओमानकडचा प्रदेश, दिलमुन म्हणजे बहरीनकडचा आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सहावीच्या मुलांनी हडप्पा संस्कृतीच्या धड्याबरोबर वाचावी अशी ही ओळ आहे. ती आपल्याला मिळाली ती त्या लेखनिकाने समोर होते तेच उतरवले म्हणून.

त्या पत्रातील चूक पुढच्या रविवारच्या पुरवणीत, त्याच जागी दुरुस्त करावी, ही आग्रहाची विनंती. ते पान त्या मुलीलाही दाखवायचे आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सोलापूर