३१ मेची घाई ऑक्टोबरातच थांबवा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सादर नमस्कार.

मी रस्त्यांच्या काँक्रिटीकरणावर काम करणारी साइट इंजिनीअर आहे. मुंबईत पावसाळा सरला की कामे रेंगाळत सुरू होतात आणि एप्रिल उजाडला की पावसाळ्याआधी कामे उरकायच्या ३१ मेच्या मुदतीची घाई सुटते. तीच टोळी दिवसपाळी करून रात्रीही उभी राहते. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्याचे, दिवस कापले जातात.

टोयोटाच्या कारखान्यांत कामाची तीन दुखणी मानतात: मुदा म्हणजे नासाडी, मुरा म्हणजे कामातला चढउतार, मुरी म्हणजे कुवतीबाहेरचा बोजा. फिनलंडचे संशोधक लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये हा विचार बांधकामात आणला. आपण नासाडीमागे धावतो, सिमेंटच्या गोणीगोणीचा हिशेब मागतो. माझ्या मते मूळ दुखणे चढउताराचे आहे; बाकी दोन त्यातून येतात.

मिक्सरचेच पाहा. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून ती उठताच तीन-चार गाड्या एकदम येतात. रांगेतले काँक्रीट घट्ट होऊ लागते. मग कुणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. माल वाहतो, पण ताकद जाते. त्यानंतर बराच वेळ एकही गाडी येत नाही, अर्धवट ओतलेला थर सेट होतो आणि पुढे नेमका त्याच सांध्यावर तडा जातो. यात एकट्या मजुराचा दोष काढणे मला पटत नाही.

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी बांधकाम-संशोधकांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीत पुढच्या आठवड्याचे काम वरून लादत नाहीत. मुकादम आठवड्याच्या बैठकीत स्वतः शब्द देतो, तोही नकाशा, परवानगी, माल आणि मोकळी जागा हाती असेल तरच. आठवड्याअखेर किती शब्द पाळले आणि बाकीचे का राहिले, ते मोजतात. त्यांनी तपासलेल्या साइटांवर ठरलेल्यापैकी जेमतेम निम्मी कामे वेळेत होत होती. आपल्याकडे हे मोजतच नाहीत.

निविदेतच या पद्धतीची अट घाला. पाणी, वीज, गॅस, टेलिफोनवाल्यांना त्याच बैठकीला बसवा. हातातला पट्टा वाहतुकीला खुला झाल्याशिवाय कंत्राटदाराला पुढचा चर खणू देऊ नका. माझी सर्वांत कळकळीची मागणी हीच आहे.

येत्या ऑक्टोबरात एका वॉर्डापासून सुरुवात करा. बैठक साइटवरच, सकाळी काम सुरू होण्याआधी ठेवा. मुकादमाला कार्यालयात बोलावले तर त्याचा अर्धा दिवस तिथेच बुडेल.

आपली,
एक साइट इंजिनीअर