कुर्ता उलटा करून बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या पुरवणीत कपड्यांचे फोटो येतात, किंमत आणि किती टक्के ऑफ तेही असतं, पण कापड कुठलंय ते बरेचदा नसतं, आणि आमच्यासारख्यांचे पैसे नेमके तिथेच बुडतात म्हणून हे पत्र.

गेल्या जूनमध्ये दादरला एका दुकानात सेलमध्ये ६०० चा कुर्ता घेतला. पॉलिस्टरचा होता, पाच वेळा घातला आणि लोकलमध्ये चढताना बगलेत टराटरा उसवला. घरी येऊन आतून बघितलं तर शिवणीत मार्जिनच नाही, टेलर म्हणाला ताई याला पकडायला कापडच शिल्लक नाही. म्हणजे एका वेळेचे १२० रुपये पडले. दुसरीकडे मंगलदास मार्केटमधून घेतलेलं सुती कापड आणि टेलरची शिलाई मिळून १२०० ला पडलेला माझा कुर्ता दोन वर्षं आठवड्यातून एकदा तरी घालते, शंभरेक वेळा झाला असेल, म्हणजे १२ रुपये. आता मला सांगा महाग कुठला?

माझे वडील मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते, १९८२ च्या संपापर्यंत. ते कापड हातात आलं की आधी उजेडाकडे धरायचे, वीण विरळ आहे का बघायला, मग उलटी बाजू, मग शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणायचे आणि टीप फाकते का ते बघायचे, किंमत विचारायची सगळ्यात शेवटी. मी आजही तेच करते आणि काही दुकानदारांना ते आवडत नाही, कपडा उलटा केला की "मॅडम माल खराब होतो" म्हणतात. आतून बघितल्याने माल कसा खराब होईल? त्यात मुंबईचा पाऊस, चार-चार दिवस कपडे सुकत नाहीत, जाड जीन्सला कुबट वास येतो, म्हणून इथे घेताना हाही विचार करावाच लागतो.

पैठणीला मात्र हा हिशोब लावू नका, ती वर्षातून दोनदा नेसली तरी पुढे मुलीकडे जाते. तिथेही उलटी बाजूच बघा, हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर मागूनही तसेच स्वच्छ दिसतात, मशीनवरच्या साडीत मागे धागे लोंबतात. आणि रेशीम म्हणून पैसे देत असाल तर सिल्क मार्कचं लेबल मागा, लाजायचं कशाला.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर गेलं की १८. टॅक्सच्या आधी २५०० चा ड्रेस २६२५ ला पडतो आणि २६०० चा थेट ३०६८ ला, म्हणजे शंभर रुपयांच्या फरकाचे ४४३ होतात. त्या जास्तीच्या पैशांत कापडाचा एक धागाही वाढत नाही.

तो उसवलेला कुर्ता घेऊन मी दुकानात गेले तर "सेलचा माल परत नाही" असं उत्तर मिळालं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. माझ्याकडे बिल होतं आणि तीन आठवडेच झाले होते, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते म्हटल्यावर पैसे मिळाले. बिल फेकलं असतं तर मी काय दाखवणार होते?

म्हणून विनंती एवढीच की येत्या दिवाळीच्या पुरवणीत प्रत्येक कपड्याच्या फोटोखाली किमतीशेजारी सुती, रेशीम की पॉलिस्टर तेही छापा, आणि त्याच पानावर १९१५ हा नंबर जरा ठळक द्या.

आपली,
एक वाचक, लालबाग