पाटणच्या फिजिओ ताईंना, जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमची पुण्याला बदली झाली आणि नंबर घ्यायचा राहूनच गेला, म्हणून पाळीच्या दुखण्यावर तुम्ही दिलेल्या टेन्स मशीनचे (कातडीवर पॅड चिकटवून बारीक करंट देणारं छोटं मशीन) आभार असे सगळ्यांसमोर लिहितेय, फिरत फिरत पोचेल तुमच्यापर्यंत. मी चिपळूण-कराड गाडीवरची कंडक्टर. तुम्ही पाटणला चढायचात, पास दाखवायचात आणि एकदा मी सीटचा दांडा धरून वाकून उभी होते तेव्हा सरळच विचारलंत, "पाळी आहे का गं?" भर गाडीत एवढं स्पष्ट कोणी विचारत नाही हो.

त्याआधी लोकांचे सल्ले मला पाठ होते. ओव्याचं पाणी पी, पोट शेक, लग्न झालं की कमी होतं, पोर झालं की थांबतंच. आता कुंभार्ली घाटात गरम पाण्याची पिशवी कुठून आणू? आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, टेकायचं तरी कुठे! चांगलीच आहे योजना, पण त्या गर्दीतून ओटीपोट धरून तिकिटं फाडताना काय होतं ते माझं मला माहीत.

मशीनचं नाव तुम्ही लगेच काढलंच नाहीत, याचे आभार सगळ्यात आधी. दुखणं वर्षागणिक वाढतंय म्हटल्यावर तुम्ही आधी बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलंत, गाठ किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) असेल तर नुसता करंट लावून भागायचं नाही म्हणालात. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, तसं काही दिसलं नाही, मग कुठे तुम्ही ते छोटं टेन्सचं मशीन आणि चार पॅड पिशवीतून काढलेत. मी तर करंट म्हटल्यावर दोन पावलं मागेच सरकले होते.

तुम्ही समजावलं ते मी आता डेपोतल्या पोरींना तसंच्या तसं सांगते. गर्भाशय आकसतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या अंगातच तयार होणाऱ्या रसायनामुळे, ते आकसणं मशीन थांबवत नाही, ते काम गोळीचं. मशीन फक्त कातडीतून बारीक झटके देतं, मुंग्या येतात, त्या मुंग्यांचा निरोप मणक्यात आधी घुसतो आणि दुखण्याच्या निरोपाला दारातच अडवतो, म्हणजे स्टँडवर दारात गर्दी झाली की मागचा चढूच शकत नाही तसं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हे गेटचं, म्हणजे दाराचं, मांडलं म्हणालात, नावं मी वहीत लिहून घेतली होती. आणि हेही सांगितलंत की पाळीच्या दुखण्यावर टेन्सचे अभ्यास झालेत, जास्त फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे सेकंदाला जास्त झटके) फरक दिसतो पण अभ्यास छोटे छोटे आहेत, सगळ्यांना सारखा उपयोग होईल असं नाही. विकणारा माणूस असं बोलेल का?

मला उपयोग झाला. पूर्ण जात नाही, पण उभं राहता येतं. रेट, म्हणजे सेकंदाला झटके, 100 वर, दोन पॅड ओटीपोटावर, दोन कमरेला, मुंग्या जोरात पण दुखेल इतक्या नाही. थोड्या वेळाने सवय होऊन कमी जाणवायला लागतं, मग एक पॉइंट वाढवायचा. बंद केलं की दुखणं हळूहळू परत येतं, म्हणून गोळी मी सोडलेली नाही. 2023 च्या शेवटी त्या गोळीतल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडने गंभीर रिअ‍ॅक्शन होऊ शकते अशी बातमी आली तेव्हा मी पाकीटच फेकायला निघाले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात की ती रिअ‍ॅक्शन क्वचित होते, डॉक्टरला विचारून घे, उपाशीपोटी नको, आणि ताप येऊन अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद करून दवाखाना गाठ.

घामाने पॅड सुटतात हा मात्र वैताग आहे, मेमध्ये तर फारच. कातडी कोरडी करून लावते, तेल अजिबात नाही. प्रवासी विचारतात, "मॅडम, गळ्यात एक मशीन, कमरेला दुसरं?" मी म्हणते दुसऱ्याचं तिकीट निघत नाही.

आमच्या ड्रायव्हर काकांनी तर कंबरेसाठी मागितलंच, तेही गाडी चालवताना लावायला! स्टेअरिंग हातात असताना नाही म्हणजे नाही, तुमचंच वाक्य ऐकवलं. पेसमेकरवाल्यांना नाही, दिवस गेलेत त्यांनी नाही, फिट येत असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, गळ्यावर नाही, झोपताना नाही, हे सगळं त्यांनाही पाठ झालंय आता.

तुमचं मशीन मी परत करायला आणलं तेव्हा तुम्ही ठेव म्हणालात. ठेवलंय, पण आता स्वतःचं घेतलंय, त्यामुळे तुमचं डेपोत फिरतं, जिला लागेल ती नेते. पॅड मात्र जिचे तिने आणायचे. कराडला आलात तर तिकीट माझ्याकडून, आणि चहा काकांकडून, तसं कबूल केलंय त्यांनी.

तुमची,
कंडक्टर