बारामतीच्या धावपट्टीवरच्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नवं लॉगबुक सुरू केलं, म्हणून जुनं कपाटातून काढलं. त्यातल्या एका ओळीवर तुमची लाल रेघ आहे. ५५ मिनिटांची सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाण, मी एक तास म्हणून लिहिली होती. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरी कर्जाचा हप्ता सुरू होता. तुम्ही ओरडला नाहीत. "ही पाच मिनिटं तू हवेत नव्हतीस, बाळ," एवढंच म्हणालात. तेव्हा तुमचा फार राग आला होता. आज त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि हे पत्र लिहायला बसले.

खरे आभार मानायचेत ते उसाच्या पट्ट्याबद्दल. आपण सेसना १७२ घेऊन नीरा डाव्या कालव्यावर होतो. बोलता बोलता तुम्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद ठरवणारा दांडा, मागे ओढलंत. "इंजिन गेलं. आता?" माझा हात चेकलिस्टकडे गेला. तुम्ही तो उचलून परत योकवर, विमानाच्या सुकाणूवर, ठेवलात. "आधी वेग. ६५ नॉट धर. मग शेत. कागद त्याच्यानंतर."

मी समोरचं हिरवंगार शेत दाखवलं.

"वडील काय करतात तुझे?"
"ऊस असतो आमचा."
"मग त्या हिरव्याच्या आत काय उभं आहे ते मी सांगू तुला?"

उभा ऊस, डोक्याच्या वर गेलेला. त्यात चाकं अडकली की विमान पालथंच. मग तुम्ही एकेक विचारत गेलात. नांगरट कुठे दिसते? सरी कुठल्या दिशेने आहेत? सरींच्या बाजूने उतरायचं, आडवं नाही. विहीर? बांध? वरून तारा दिसत नाहीत, खांब शोध. कुणी पाचट पेटवलंय का? धूर कुठे चाललाय, त्यावरूनच वारा कळेल. बऱ्याच खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "पोचलो असतो. चल वर."

तोवर मला वाटायचं, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या या मुलांमध्ये आपलं काही काम नाही. बांधावर वाढल्याचा इथे उपयोग होतो, हे त्या दिवशी तुमच्यामुळे कळलं. सर, नाहीतर मी कोर्स सोडून घरी गेले असते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडण्याच्या दिवशीचं एकच आठवतं. तुम्ही उतरलात, रिकाम्या सीटचा पट्टा स्वतः लावलात, सुटून कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून दोनदा ओढून पाहिलात आणि दार लावून मागे न बघता चालू लागलात. तुमचं वजन नसल्यामुळे विमान भराभर वर चढलं, त्याचीच भीती वाटली.

आता एअरबस ३२० वर उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसते. गेल्या पावसाळ्यात मुंबईला उतरताना वेग स्थिर राहीना. शेजारी माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी कॅप्टन. "गो-अराउंड" हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि त्यांनी क्षणात विमान वर घेतलं. तुम्ही मला एका सकाळी सलग चार वेळा फायनलवरून, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावरून, परत वर न्यायला लावलं होतंत, उतरणं जमत असतानाही. बोलायला जीभ कचरली नाही, ती त्यामुळे.

आणि बाबांबद्दल. परवाना मिळाल्यावर ते पेढे घेऊन आले, कुंपणाशीच उभे राहिले होते. तुम्ही त्यांना हाताला धरून विमानापाशी आणलंत, नकाशा पंखाखाली पसरलात आणि मी निवडलेली नांगरट दाखवलीत. बाबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "साहेब, त्या टोकाला जुनी विहीर आहे. कठडा नाही तिला." तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत आणि नकाशावर तिथे बारीक गोल केलात.

तुमची विद्यार्थिनी