बाबांची सही हवी आहे

महाल, नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी काढल्यावर बाबांनी समोरच्या इमारतीवरची पाटी चष्म्याशिवाय वाचली म्हणे. ऐकून मी तशीच देवापाशी जाऊन दिवा लावला. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे, तरी बाबा, तुम्ही आठवडाभर डोळ्यांना ताण देऊ नका. आई, तूच वाचून दाखव, आणि थेंबांच्या वेळा चुकवू नकोस.

बाबांनी दादाला विचारलं की डोळ्यात नेमकं काय बसवलंय. दादाला सांगता आलं नाही, म्हणून मी सांगते. दुसऱ्या महायुद्धात विमानाचं छत फुटून त्या प्लास्टिकचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्लिश डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे आत राहूनही डोळा चिडत नाही. मग १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी तसल्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. कित्येक वर्षं ही भिंगं आपल्याकडे परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाहीत. १९९२ पासून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने ती इथेच बनवायला घेतली आणि किंमत पार खाली आणली. भिंग करणं एक आणि ते हजारोंनी, एकसारखं, स्वस्तात करणं दुसरं. मला या दुसऱ्या कामाचं फार मोल वाटतं, कारण माझी निम्मी नोकरी त्यातच गेली आहे.

आता मुद्द्याचं. जाताना स्टेशनवर बाबांनी मला विचारलं होतं, ‘तुझी तीन पेटंटं म्हणजे शेवटी तीन कुलुपंच ना?’ तेवढ्यात पुण्याची गाडी लागली, सामान चढवण्याची घाई झाली आणि उत्तर राहून गेलं. घरी आले तरी तो प्रश्न मनातून जाईना.

तो प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे. मी सातवीत होते. मे महिन्यात आपल्या कूलरचा पंप जळला, टाकीतलं पाणी संपलेलं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांनी संडासाच्या जुन्या टाकीतला फुगा काढला, त्याला एक छोटा स्विच जोडला, आणि पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद व्हायला लागला. गल्लीतल्या अकरा घरांना तुम्ही तो फुकट बसवून दिलात. बाजारातला एक दुकानदार बघून गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच फुगा-स्विच त्याच्या दुकानात डब्यात घालून विकायला आला. आई दोन दिवस धुमसत होती. ‘निदान एका शब्दाने विचारायचं तरी,’ म्हणाली. बाबांचं म्हणणं एकच, ‘यंदा किती पंप जळायचे वाचले ते बघ.’ तेव्हा मला तुम्हा दोघांपैकी कोण बरोबर ते ठरवता आलं नव्हतं. आज वाटतं, दोघांचंही खरं होतं.

बाबा, पेटंट हे कुलूप असतं हे खरं, पण किल्ली दाराबाहेरच टांगलेली असते. आपल्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की शोध काय आहे, कसा चालतो आणि करायची सगळ्यात चांगली रीत तुम्हाला माहीत असलेली कोणती, हे सगळं अर्जात लिहून द्यायचं. त्यातलं अपुरं ठेवलं, तर तेवढ्या कारणावरून पेटंट रद्द होऊ शकतं. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, आणि मग कोणीही घरबसल्या, एक पैसा न देता, आकृत्यांसकट वाचू शकतो. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी तो शोध सगळ्यांचा. त्या वीस वर्षांत मात्र न विचारता कोणी विकायचा नाही. म्हणजे बाबांची युक्ती सगळ्यांना उघडी, आणि आईचं ‘एका शब्दाने विचारायचं’ हेही त्यातच.

तुम्ही नेहमी जगदीशचंद्र बोसांचं उदाहरण देता, की त्यांनी ज्ञानाचे पैसे केले नाहीत. त्यांची अनिच्छा खरीच होती. पण स्नेह्यांच्या, विशेषतः सारा बुल यांच्या आग्रहाखातर १९०१ मध्ये त्यांच्या नावाने अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ ला पेटंट मिळालं, क्रमांक ७५५८४०. गॅलिना या खनिजाच्या स्फटिकाने विद्युतलहरी पकडण्याची ती युक्ती. बाबा, तुम्ही लहानपणी स्फटिकाचा रेडिओ केला होतात ना, त्याच घराण्यातली. आज एकशेवीस वर्षांनी मी त्यांच्या आकृत्या वाचू शकले, त्या त्यांनी लिहून ठेवल्या म्हणून.

आणखी एक, हे तुम्हाला नक्की आवडेल. आपल्या देशात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्या कायद्याखाली पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांनी केला, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! उन्हाळ्याने जेरीस आलेल्या माणसानेच सुरुवात केली म्हणायची.

आता माझ्या तिन्हीबद्दल. बाबांनी नातेवाइकांना ‘तिच्या मालकीची तीन पेटंट’ असं सांगितल्याचं कळलं. तसं नाही. संशोधक म्हणून नाव माझं आहे, हक्क कंपनीचे. नोकरीला लागताना तसा करारच असतो आणि मला त्याचा सल नाही. प्रयोगशाळा त्यांची, पगार त्यांचा.

पहिलं प्रकाशाचं. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात तिथे, कापसाबरोबर प्लास्टिकच्या पोत्यांचे पांढरे धागे येतात. कापसात ते नजरेला दिसत नाहीत, पण पुढे कापडावर रंग चढला की उघडे पडतात, कारण त्या प्लास्टिकला रंगच लागत नाही. प्रकाशाची कंपनं एकाच दिशेची करून कापसावर सोडली, तर कापसाच्या गुंत्यातून तो विस्कटून परत येतो. गुळगुळीत प्लास्टिकवरून मात्र आपली दिशा बरीचशी राखून येतो. तो फरक यंत्राला कळवायचा. हे तत्त्व जुनंच आहे. आमचं नवं एवढंच की दिवे कोणत्या कोनात ठेवले म्हणजे धावत्या कापसातही फरक हुकत नाही.

दुसरं इलेक्ट्रॉनिक्सचं, शेडच्या पत्र्यातून येणाऱ्या उन्हाचा गोंधळ काढून टाकणारं सर्किट. त्याबद्दल भेटीत बोलू.

तिसऱ्यात मात्र आई आहे. आमच्या यंत्रातलं भिंग आम्ही धातूच्या नळीत डिंकाने चिकटवतो. तो अतिनील प्रकाशाने वाळतो आणि वाळताना आकसतो, आणि आकसताना भिंगाला केसभर बाजूला ओढतो. तेवढ्याने नेम चुकतो. शंभरातली कितीतरी फेकावी लागायची. एका रात्री मला आईचं मशीन आठवलं. ब्लाउजची बाही लावताना तू आधी तीन-चार ठिकाणी कच्चा टाका घालायचीस, ‘नाहीतर कापड सरकतं’ म्हणायचीस. मी भिंगाच्या कडेला आधी तीन ठिपकेच वाळवले, मग उरलेला डिंक. भिंग हललं नाही! ते तीन ठिपके एकदम आणि सारखे वाळवणारा साचा, हे आमचं तिसरं पेटंट. आई, कच्चा टाका जगजाहीर असल्यामुळे कायद्याने तुझं नाव तिथे लावता आलं नाही. ते माझ्या मनाला लागतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक कल्पना मी वायाही घालवली आहे, ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. उत्साहाच्या भरात अर्ज करण्याआधीच यंत्राचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. नावीन्य ही पेटंटची पहिली अट, आणि पेटंट कार्यालयाच्या तपासनिसांनी माझाच व्हिडिओ माझ्यासमोर ठेवला. सिव्हिल लाइन्समध्ये, आपल्या घरापासून इतक्या जवळ, याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिथल्या प्रशिक्षणाला मी गेले ती त्यानंतर.

आता या पत्राचं खरं कारण.

गेल्या मे महिन्यात दुपारची वीज गेली होती. मी कपाळाला हात लावून बसले होते, कारण आमच्या यंत्राच्या काचेवर चिकट कापसाचा थर बसतो, आणि काच कधी पुसायची ते यंत्राला कळत नाही. बाबांनी काही न बोलता टॉर्च आणला. जेवणाच्या टेबलावरच्या काचेच्या कडेला तो टेकवला, वरून नाही, कडेने. सगळी काच काळीच राहिली. फक्त आईच्या बोटांचे ठसे, सांडलेल्या सरबताचा एक गोल आणि एक ओरखडा, एवढेच उजळले. बाबा म्हणाले, ‘स्वच्छ काच उजेड आत धरून ठेवते. घाण असेल तिथूनच तो बाहेर पडतो.’

काचेच्या तंतूतून प्रकाश वळवून नेतात ते याच गुणावर. नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लंडनला ते करून दाखवलं. मोटारीच्या काचेवर पाऊस पडलेला ओळखणारं यंत्रही असंच चालतं, आणि तपासनीस ते उदाहरण आमच्यापुढे ठेवणार हे मी धरून चालले आहे. आपला वेगळेपणा पुढे आहे. तुम्ही त्याच दुपारी म्हणालात, ‘थर किती बसला ते मोजायचं, आणि पुसणं लांबवायचं असेल तर दिव्याचा जोर तेवढाच वाढवायचा.’ म्हणजे काच मळत असतानाही यंत्राची नजर तीच राहते. सहा महिने मी ते बांधून, मोडून, पुन्हा बांधून पाहिलं. हिंगण्याच्या शेडमध्ये ते चालतंय.

अर्जात तुमचं नाव घालायचं म्हटल्यावर ऑफिसात सुचवलं गेलं की ‘वडिलांना कशाला मध्ये घेता, गुंतागुंत वाढेल.’ मी नाही म्हणाले. हा लाड नाही, बाबा. ज्याच्या डोक्यातून शोध निघाला त्याचं नाव संशोधक म्हणून यायलाच हवं. तुम्ही कंपनीचे नोकर नाही, त्यामुळे तुमचा हक्क तुमच्याकडेच आहे. तो कंपनीच्या नावे करून द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. सोबतच्या पाकिटात दोन कागद आहेत. फॉर्म १ हा पेटंटचा अर्ज, त्यावर आपण दोघं संशोधक आहोत. दुसरा हक्क देण्याचा करार, त्यात मोबदल्याची रक्कम लिहिली आहे. आई, तो तू नीट वाच. कमी वाटली तर सही होऊ देऊ नकोस, मी पुन्हा बोलेन. लेकीची नोकरी म्हणून भीड धरू नका.

अर्ज दाखल होईपर्यंत दादाच्या सोसायटीतल्या बागेत कोणाजवळ हा विषय काढू नका. दाखल झाला की खुशाल सांगा.

कळमन्याला मृगाची संत्री आली आहेत, वहिनी आणि मुलांसाठी पेटी पाठवते.

बाबा, फॉर्मवर तुम्ही नेहमीसारखी नुसती आद्याक्षरांची सही करू नका. सहीखाली पूर्ण नाव हवं आहे, आधार कार्डावर आहे तसंच, स्वच्छ अक्षरात. आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिल्यानंतरच.

तुमची,
सुमी